पहिलीची दुसरी तुकडी

डी.एड.च्या दोन वर्षांत मला एक गोष्ट पक्की शिकवली गेली. उत्तर आधी ठरवायचं आणि मग मुलांना असे प्रश्न विचारत जायचं, की शेवटी त्यांच्या तोंडून तेच उत्तर यायला हवं. याला ‘प्रस्तावना’ म्हणत. झाडांचा पाठ असेल तर विचारायचं, "उन्हात खेळून दमलात की तुम्ही कुठे बसता?" मुलांनी "झाडाखाली" म्हणायचं आणि आपण वळून फळ्यावर सुवाच्य अक्षरात ‘झाडे आपले मित्र’ लिहायचं. माझ्या सराव पाठाला एक मुलगी म्हणाली, "पंख्याखाली." मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, "पंख्याखाली." तिसऱ्यांदा विचारताना माझा आवाज चढला. मागच्या बाकावर बसून आमचे पाठ तपासणाऱ्या सरांनी शेऱ्यात लिहिलं, ‘फलकलेखन उत्तम. छात्राध्यापिकेचा चेहरा प्रसन्न नाही.’

नव्हताच प्रसन्न. त्या दोन वर्षांत मी एका जागी स्वस्थ बसल्याचं मला आठवत नाही. बारावीला चांगले गुण पडले म्हणून सगळ्यांनी मला डी.एड.ला घातलं. मुलीच्या जातीला बरं, दोन वर्षांत नोकरी, आयुष्याची ददात मिटली, असं तेव्हा घरोघरी म्हणत. मी गणवेशाची साडी नेसून, काखेत कार्डशीटची गुंडाळी घेऊन बिबवेवाडीच्या स्टॉपवर उभी राही, आणि समोरच्या कोपऱ्यावर माझा दादा कंपनीच्या बसची वाट बघत उभा असे. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आधी पिंपरीला कारखान्यात होता, मग रात्रीचे संगणकाचे क्लास केले आणि एका मोठ्या आयटी कंपनीत लागला. त्याच्या गळ्यात कार्ड, बसला पडदे आणि आत गारवा. माझी बस यायची तेव्हा पायरीवर पाय ठेवायला जागा नसायची. मला त्याचा हेवा वाटायचा आणि हेवा वाटतो याचा रागही यायचा.

पदविका हातात आली आणि कळलं, की नोकरी आता दोन वर्षांत वगैरे मिळत नाही. मराठी शाळांचे वर्ग दर जूनला थोडे थोडे रिकामे होत होते. मी वर्षभर शाळांचे जिने चढले. एका नामांकित शाळेतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "डी.एड.? बरं. त्या गठ्ठ्यात ठेवा." मी म्हणाले, "गठ्ठा बराच मोठा आहे." तो म्हणाला, "म्हणूनच खाली ठेवा, वर ठेवलात तर पडेल."

दादा म्हणायचा, "अगं, इंग्रजी थोडं सुधार, कॉल सेंटरला लागशील. उगाच काय खडू-फळा धरून बसलीयेस." तो म्हणायचा ते खरं होतं, म्हणूनच मी त्याच्याशी कडाकडा भांडायची. शिकवण्याची मला फार ओढ होती अशातला भाग नव्हता, खोटं कशाला सांगू? पण जे हातात घेतलं ते फुकट गेलं असं त्याच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

मग एप्रिलच्या शेवटी कात्रजच्या वाटेवरच्या एका अनुदानित शाळेतून बोलावणं आलं. पत्र्याची लांबलचक इमारत, मधे एक कडुनिंब. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी माझं फलकलेखन पाहिलं नाही, प्रमाणपत्रंही पाहिली नाहीत. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"चपला चांगल्या आहेत का?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं टोमणा आहे. तो टोमणा नव्हता. पहिलीच्या त्यांच्याकडे दोन तुकड्या होत्या, आणि येत्या जूनला दुसरी भरेल की नाही याची खात्री नव्हती. दर सप्टेंबरअखेर शाळेचा पट, म्हणजे दाखल असलेल्या मुलांची संख्या, मोजला जाई आणि त्यावर शिक्षकांची पदं ठरत. "दुसरी तुकडी टिकली तर तुम्ही आहात," मोठ्या बाई म्हणाल्या. "नाही टिकली तर दोघींचाही नाइलाज. मे महिना आहे हातात. मुलं आणा."

असा माझा शिक्षकी पेशा सुरू झाला. वर्ग नाही, खडू नाही. डोक्यावर ओढणी, हातात पाण्याची बाटली, पिशवीत छापील पत्रकं आणि समोर रणरणतं ऊन. त्या महिन्यात मी बिबवेवाडीच्या मागच्या टेकडीपासून मार्केट यार्डाच्या भिंतीपर्यंतच्या सगळ्या चाळी आणि वस्त्या पालथ्या घातल्या. दारावर वाळत घातलेले छोटे फ्रॉक दिसले की मी कडी वाजवायची. कुणी पाणी द्यायचं, कुणी दार अर्धंच उघडून म्हणायचं, "आम्ही इंग्लिश मीडियमला घातलं." हे सांगताना त्यांची मान किंचित ताठ व्हायची. एका रिक्षावाल्याने तर मलाच उलट समजावलं, "म्याडम, तुम्ही चांगल्या आहात, पण मराठीत शिकून आम्ही काय झालो ते बघा ना." मी पत्रक पुढे केलं. त्याने ते घडी करून रिक्षाच्या डगमगत्या सीटखाली सारलं.

पंधरा दिवसांत चार मुलं मिळाली. घरी येऊन मी पाय बादलीत बुडवून बसायची आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या द्यायची. रिक्षावाल्याला, दादाला, मोठ्या बाईंना आणि बारावीला मिळालेल्या त्या गुणांनासुद्धा.

सोळाव्या की सतराव्या दिवशी मी एका पत्र्याच्या खोलीशी पोचले. वाशीमकडून आलेलं कुटुंब होतं. नवरा कारखान्यात कंत्राटी कामगार, बायको आसपासच्या सोसायट्यांमध्ये स्वयंपाक आणि भांडी करायची. सहा वर्षांची मुलगी दारात बसून चिंचोके मोजत होती, आणि मोजणी बरोबर होती. बाईने मला आत बोलावलं, बसायला पाट दिला. मी माझं सगळं म्हटलं. मातृभाषेतून शिक्षण, पुस्तकं मिळतात, दुपारी खिचडी मिळते, घराजवळ शाळा. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"बाई, एक इचारू का? रागावू नका. तुमच्या घरचं कोनाचं लेकरू हाये काय त्या शाळंत?"

इतक्या दारांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझी भाची, दादाची मुलगी, बरोबर त्याच वयाची होती. वहिनीने पहाटे उठून रांग लावून तिचा प्रवेश एका इंग्रजी शाळेत केव्हाच घेतला होता. टाय आणि बूटसुद्धा आणून ठेवले होते.

"आहे ना," मी म्हणाले. "माझी भाची. ती या वर्षी आमच्याच शाळेत पहिलीत येतेय."

मी हे आधी ठरवलं नव्हतं. पण मुलीकडे बघून बाईचा चेहरा जो मोकळा झाला, तो बघून मला बरं वाटलं, हेही खरं आहे. "मंग काय भेव नाही," ती म्हणाली. "तुमचं लेकरू जिथं बसते तिथं माहं बसन." तिने तिथल्या तिथे फॉर्मवर अंगठा उठवला.

यानंतर माझं काम सोपं झालं. पुढच्या प्रत्येक दारात कुणी विचारायची वाट न बघता मीच सांगू लागले, की माझी सख्खी भाची आमच्या शाळेत येतेय. पत्रकापेक्षा त्याचा उपयोग शंभरपट. खोटं बोलायला लागणारी भीड दुसऱ्याच दिवशी चेपली. मे संपता संपता दुसऱ्या तुकडीला लागणारी संख्या बरोबर भरली. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "पाय चांगले आहेत तुमचे." एवढं कौतुक मला डी.एड.च्या दोन वर्षांत कुणी केलं नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी ती बाई मुलीचं बोट धरून फाटकात उभी. मुलीच्या केसांना चपचपीत तेल, दोन वेण्या, लाल रिबिनी. मला बघताच तिने विचारलं, "कोनती जी तुमची भाची? हिले तिच्याजोळ बसवा."

"ती मामाकडे गेलीय," मी म्हणाले. "येईल आठवड्याभराने."

आठवड्याने भाचीला ताप आला. मग गोवर झाला. मग मी फाटकाशी जाणंच बंद केलं आणि शाळा सुटायच्या वेळी फळा पुसत आत थांबू लागले. मुलगी मात्र पहिल्या बाकावर शेजारची जागा दप्तर ठेवून अडवून बसायची. दुसरी कुणी बसायला आली की सांगायची, "इथं बाईची भाची बसनार हाये." रोज. मला शिकवताना तिच्याकडे बघवत नसे. मी घरी आले की जेवताना उठायची, टीव्ही लावून बंद करायची. आई म्हणायची, "अगं, तुझ्या मागे काय लागलंय? आता तर नोकरी आहे."

शेवटी न राहवून मी दादाकडे गेले. त्याने वरच्या अंगाला नवीन सोसायटीत फ्लॅट घेतला होता. वहिनीला मी सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की मुलीला सुट्टी असेल तेव्हा दोन-चार दिवस माझ्या वर्गात पाठव, मुलांना मजा येईल.

वहिनी रागावली की मला ‘वन्सं’ म्हणते. "वन्सं," ती म्हणाली, "मुलगी म्हणजे काय विरजण आहे, वाटीभर नेऊन उद्या परत आणून द्यायला?"

मी तोंड वाकडं करून निघून आले. आता वाटतं, तिथे तिला खरं सांगितलं असतं तर तिने मला चार शब्द सुनावले असते आणि बहुधा मुलीला पाठवलंही असतं. ती तोंडाने फटकळ आहे, मनाने नाही. पण मला कुणाकडूनच काही ऐकून घ्यायचं नव्हतं.

सप्टेंबरात गौरी आल्या. जेवायला आम्ही सगळे दादाकडे. हॉलमध्ये गौरींपुढे फराळाची ताटं आणि विजेच्या माळा लावलेल्या, दादाचे कंपनीतले दोन मित्र सोफ्यावर. भाची नवीन परकर-पोलक्यात उभी राहून पाहुण्यांना इंग्रजी कविता म्हणून दाखवत होती. हातवारे अचूक, उच्चार असे की माझेसुद्धा नव्हते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात पुरणपोळ्यांचं ताट हातात घेऊन कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं म्हणून मी वळले.

तीच होती, पहिल्या बाकावरच्या मुलीची आई. वहिनीने सणाच्या कामाला म्हणून मदतीला बोलावलेली. कविता संपेपर्यंत ती तिथेच थांबलेली असणार.

भाची धावत येऊन मला बिलगली. "आत्या, ऐकलीस?"

त्या बाईने ताट टेबलावर ठेवलं. भाचीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हेच काय जी?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"गोड हाये," ती म्हणाली आणि आत पोळ्या लाटायला गेली. जेवायच्या वेळी तिनेच मला वाढलं. पोळीवर तूप सोडताना तिचा हात जराही आखडता नव्हता. मी पोळी तशीच टाकून उठले. आई म्हणाली, हिला पित्त झालंय.

चौथ्या दिवशी ती शाळेत आली. मुलीचा दाखला हवा होता. तिच्या वस्तीमागच्या गल्लीत एक लहानशी इंग्रजी शाळा निघाली होती. भाचीच्या शाळेसारखी नाही, पण टाय होता. शनिवारच्या आत दाखला आणा असं त्यांनी सांगितलं होतं. तो गुरुवार होता. आमचा पट मोजायला अधिकारी सोमवारी येणार होते. वर्गात एकही मूल जास्त नव्हतं, हे मला आणि मोठ्या बाईंना तोंडपाठ होतं.

मी ऑफिसात जाऊन सांगितलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "दाखल्याचं पुस्तक कपाटात आहे आणि किल्ली हरवलीय," त्या म्हणाल्या. "मंगळवारी या म्हणावं." किल्ली त्यांच्या टेबलावर, पेपरवेटशेजारी, माझ्या डोळ्यांसमोर होती. मला त्यांचा राग आला नाही. त्या माझीच नोकरी वाचवत होत्या.

व्हरांड्यात ती भिंतीला टेकून उभी होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "बाई, मी तीन घरची कामं सोडून आली. भेटते का नाही, खरं काय ते सांगा."

किल्ली हरवलीय, हे दोन शब्द माझ्या तोंडात तयार होते. मे महिन्यापासून मी याहून मोठमोठी खोटी वाक्यं न अडखळता बोलले होते. ते वाक्य बाहेर आलं नाही. मी म्हणाले, "दाखला आज देता येतो. पण सोमवारी मुलं मोजणार आहेत. तुमची मुलगी कमी झाली तर ही तुकडी मोडते आणि माझी नोकरी जाते. मंगळवारी नेलात तर राहते." मग मी उगाचच पुढे म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

तिने वर्गाच्या दाराकडे पाहिलं. वर्गातून मुलांच्या पाढ्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ही मला बोलेल, आणि बोलावं असं मला फार वाटत होतं.

"मंगळवारी येतो," ती म्हणाली. "त्यायले मी जाऊन सांगतो, दोन दिस थांबा म्हनून. आयकलं तर आयकलं."

सोमवारी अधिकारी आले. त्यांनी मुलांना उभं करून एकेक करत मोजलं. ती मुलगी पहिल्या बाकावर होती. दप्तर ठेवलेल्या जागेकडे बघून अधिकाऱ्यांनी विचारलं, "इथली कुठे आहे?" मी म्हणाले, "इथे कुणी नाही." आकडा बरोबर आला. मोठ्या बाईंनी त्यांच्यासाठी चहा मागवला आणि मला लांबूनच मान हलवली. माझं पद राहिलं. दादाला मी संध्याकाळी फोन करून सांगितलं, तेव्हा तो खरंच खूश झाला.

मंगळवारी ती सकाळीच आली. गल्लीतली शाळा थांबली होती. मी तिला ऑफिसात खुर्ची दिली आणि दाखला माझ्या हाताने लिहायला घेतला. नाव, जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक चांगली. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. तिथे सगळे लिहितात तेच मी लिहिलं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. अक्षर अगदी सुवाच्य आलं.

दाखला घेऊन तिने तो उलटसुलट पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. मग म्हणाली, "बाई, तुमच्या नोकरीचं हे तवाच सांगाचं होतं ना, मे महिन्यात. माह्या दारात बसून सांगतलं असतं, तरी घातली असती मी पोरगी."

मी लाज सोडून म्हणाले, "मग राहू द्या ना तिला. मी शिकवीन तिला चांगलं. खरंच शिकवीन."

"तवा घातली असती," ती म्हणाली. "आता नाही जी. आता मी तुमच्या भाचीले पाह्यलं."

तिने दाखल्याची घडी करून पोलक्यात ठेवली आणि मुलीला हाक मारली. मुलीने दप्तर उचललं, मला "टाटा बाई" म्हटलं, आणि दोघी फाटकातून बाहेर पडल्या. मी वर्गात येऊन हजेरी घेतली. तिचं नाव आलं तेव्हा सवयीने तेही मोठ्याने पुकारलं, आणि मुलांनी एका सुरात सांगितलं, "बाई, ती गेली."